चाळीसाव्या पानाकडे बघणाऱ्या मोटारी

दहावीनंतर मी अब्बांच्या दुकानात बसायला लागले. बारामतीत इंदापूर रस्त्याला आमचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती एसटीच्या टपावर टाकून आणायचे. अब्बा आतली जळकी तार कापायचे, वेढे मोजायचे आणि नव्या तारेचे तेवढेच वेढे भरायचे. किती वेढे, कुठल्या जाडीची तार, हे मालकाच्या नावानं वहीत लिहून ठेवावं लागे, कारण कधीकधी तार जळून गोळा झालेली असते आणि मोजायला काही उरत नाही. अब्बांना आकडे यायचे, अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही. म्हणून वह्या माझ्याकडे आल्या.

आणि मी शहाणपणा केला. एकाच बनावटीच्या मोटारी सारख्या यायच्या. तेच आकडे परत परत काय लिहायचे? मी नुसतं लिहायला लागले, ‘पाहा, हिरवी वही, पान ४०.’ अशा पाच वह्या मी एकमेकींना जोडून टाकल्या. अब्बा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, "आमच्या पोरीनं सगळ्या मोटारी एका माळंत ओवल्यात." मी नाक वर करून बसायचे.

चाळीसाव्या पानावरची मोटार डाळज गावची होती. लाईनीच्या शेवटाला असल्यानं तिथली लाईट मरतुकडी. एका उन्हाळ्यात मालक म्हणाला, मोटार पाणी उचलतच नाही. अब्बांनी वेढे कमी केले, तार जाड घातली; विजेच्या कमी दाबाला तसंच करतात. मग वहीतले ४४ खोडून त्यांनी वर ३८ लिहिले. त्यात त्यांचं काय चुकलं? आपण एका मोटारीला हात लावतोय असंच त्यांना वाटलं. तिच्यामागे मी किती मोटारी बांधून ठेवल्या होत्या, हे त्या पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढं पिंपळीची एक मोटार वहीत बघून भरून दिली, ती आठ दिवसांत जळून परत आली. तिथं लाईट भरपूर, आणि कमी वेढ्यांच्या मोटारीला भरपूर लाईट सोसत नाही. अब्बांनी वेढे मोजले. अडतीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिची नोंद काढली, ‘पाहा, पान ४०.’ पान ४० काढलं, तर तिथं खाडाखोड.

हल्ली माझ्या मुलीच्या फोनात नोंदींची वही आहे. एका नोंदीवरून दुसरीवर बोट दाबून जाता येतं, आणि त्या नोंदीकडे कुठून कुठून येता येतं त्याची यादीही खाली दिसते. ती यादी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला रडू आलं, पोरगी घाबरली. आमच्या वहीत तसलं काही नव्हतं. चाळीसकडे कोण कोण बघतं ते शोधत मी तेव्हा पान न् पान उलटत बसले. काही नोंदी थेट चाळीसला जातच नव्हत्या. त्या भलत्याच पानाकडे बोट दाखवायच्या आणि ते पान चाळीसकडे. तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या वहीत, निमगाव केतकीची मोटार सापडली. त्या उन्हाळ्यानंतर भरलेली, म्हणजे अडतीसचीच. दोन वह्या बघायच्या राहिल्या होत्या, पण थांबून चालणार नव्हतं.

सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. मोटारीचे मालक, वयानं अब्बांपेक्षा मोठे, डाळिंबाला पाणी देत होते.

"तात्या, मोटार बंद करा," अब्बा म्हणाले. "माझ्या भरण्यात चूक झालीया. घेऊन जातो, फुकट भरून देतो."

"काय मिस्त्री! दहा दिस झालं, झकास पानी वढतीया. आन् आज तर लाईट जोरात हाय."

"म्हनूनच म्हनतोय."

"आठवड्यानं दिसाची लाईट आलीया. ती सोडून मोटार कशी देऊ? उद्या या की." तात्या हसत होते. त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला.

अब्बांनी मोटारीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. त्यांनी हात जोडले, पण तात्या दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला, निघून गेले होते. दुसऱ्याच्या विहिरीवर, दुसऱ्याच्या मोटारीचा खटका आम्ही कसा पाडणार? मोटारीच्या पत्र्याच्या खोलीबाहेर तिचा आवाज ऐकत बसून राहिलो. चहा आला आणि तसाच गार झाला. उठून खटका पाडावा असं मला शंभरदा वाटलं, पण उठले नाही. मग जळका वास आला. अब्बा आत धावले, तोवर मोटार बंद पडली होती.

तात्या पळत आले, शेजारपाजारचे जमले. "वेढे मीच चुकीचं भरलं," अब्बा सगळ्यांसमोर म्हणाले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीचा हात गेला आता." मी अब्बांच्या शेजारीच उभी होते. वह्या मी जोडल्या होत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही.

जळकी मोटार टपावर चढवून आम्ही परत निघालो. अब्बा खिडकीकडं तोंड करून बसले होते. तसंच त्यांनी विचारलं, "आनखी किती हायत गं?"

दुकानात पोचल्यावर मी चौथी वही उघडली.