मालुबाईचं काचेचं कौल

खिडकीची जागा मी उभ्यानं ठरवली, आणि यल्लाप्पा विणायचा बसून, तेही जमिनीत पाय सोडून. चूक एवढीच. पण रवळू गवंड्यानं भिंत वर नेली, सागवानी चौकट बसली, आतून गिलावा झाला, तोवर ती कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या तर नाहीच. मी फायनल पास होतो.

वडगावात मराठी सातवीची ही परीक्षा पास झालेला आमच्या आळीतला मी पहिला. बेळगावात स्टेशनच्या अंगाला कौलांची आणि लाकडांची एक वखार होती, तिथं मी कारकून होतो. त्यामुळं कुणाला घराचा एक वासा हलवायचा असला तरी मला बोलावणं यायचं. "शामूला इचारा, त्यो कागदावर काढून देतोय." मी काढून द्यायचो. कागदावर माझं एकही घर कधी अंधारं झालं नाही.

यल्लाप्पा सगळ्या आळीचा आप्पा होता. नवव्या वर्षी बापानं त्याला मागाच्या खड्ड्यात उतरवलं, ते पंचावन्नाव्या वर्षीही तो तिथंच होता. आमच्याकडचे माग खड्ड्याचे. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, खाली पायांनी फळ्या दाबतो, वर हातांनी आडव्या सुताचा धोटा फेकतो, आणि कापड त्याच्या पोटाशी विणत येतं. जमिनीवर चालायची सवय कमी, म्हणून रस्त्यानं जाताना आप्पा बदकासारखा डुलायचा. सूत ओठांवरून फिरवून ते किती बारीक ते सांगायचा. मला बघितलं की हमखास विचारायचा, "काय मास्तर, आज कुणाचं घर पाडलंस?"

सन अडतीसची दिवाळी झाली आणि शहापूरच्या पेठेतल्या आण्णाप्पांनी त्याची दोन लुगडी परत पाठवली. आण्णाप्पा सूत द्यायचे, लुगडी घ्यायचे. लुगड्याचं अंग काळं, काठ गर्द हिरवा. दोन्ही काठांत काळ्या रेघा निघाल्या होत्या. विणताना धागा तुटला की त्याच रंगाचा तुकडा गाठून पुढं जायचं असतं. यल्लाप्पानं हिरव्याला काळा गाठला होता. निरोपही आला होता: तिसरं असं आलं तर सूत बंद. सूत बंद म्हणजे माग बंद. मग दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या मागावर, त्याच्या पोरांच्या हुकमाखाली बसायचं. यल्लाप्पाच्या बापानं ते केलं नव्हतं, त्याच्याही बापानं नव्हतं.

"माझ्या हाताची चूक न्हाय," आप्पा म्हणाला. "घरात उजेडच न्हाय तर हिरवं काय आन् काळं काय!"

ते खोटं नव्हतं. माग माजघरात, शेजारी चूल, आणि उजेडाला एकच दार. त्यात दारात जयाबाई, म्हणजे आप्पाची बायको, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली. ती उठली की उजेड यायचा, पण ती उठली की कांड्या कोण भरणार? म्हणून मग परसात पडवी काढायची ठरली, खास मागासाठी. आणि ती काढायची तर मला विचारणं आलंच.

जागा अशी होती. पूर्वेला घर. दक्षिणेला दुसऱ्याची भिंत लागून. उत्तरेला मालुबाईचं परसू. उघडी बाजू एक, पश्चिमेची. मी पश्चिमेच्या भिंतीपाशी ताठ उभा राहिलो, माझ्या छातीला हात लावला आणि रवळूला म्हणालो, "इथनं वर काढ खिडकी. चांगली मोठी काढ."

रवळूनं मला खालीवर बघितलं. "मास्तर, आप्पाच्या मापानं का तुमच्या?"

"उजेडाला माप नसतं," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

यल्लाप्पाच्या घराण्यात मागावर पूर्वेला तोंड करूनच बसायचं. खड्डा तसाच खणला, खांब तसेच रोवले. नारळ फुटला, आप्पा खड्ड्यात पाय सोडून बसला, आणि त्याच्या पाठीमागची माझी भली मोठी खिडकी त्याच्या डोक्यावरून उजेड आत टाकू लागली. तो उजेड पोचला समोरच्या भिंतीवर. आप्पाच्या पोटाशी, जिथं कापड विणत होतं, तिथं पडली त्याचीच सावली.

तो डावीकडं सरकला, सावली डावीकडं. उजवीकडं सरकला, उजवीकडं. जयाबाई तोंडाला पदर लावून बघत होती. आप्पानं मान वळवून मला विचारलं, "मास्तर, ही सावली बी कागदावर काढलीतीस का?"

हसण्यावारी तेवढंच गेलं. दुपार कलली तसं खिडकीतून ऊन सरळ ताण्यावर, मागावरच्या उभ्या सुतावर, आलं. खळ लावलेलं सूत उन्हात कडक होतं आणि पटापट तुटतं. हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कारण त्याला फायनलचा अभ्यास नव्हता. जितके धागे तुटले तितक्या गाठी आल्या, आणि गाठी मारायच्या सावलीत. अंधार घालवायला पडवी बांधली आणि चुकायच्या जागा मी दुप्पट करून दिल्या. तिसरं लुगडं मागावर होतं. ते शिमग्याच्या आधी पेठेत पोचायचं होतं.

खिडकीला पोतं टांगलं, ऊन थांबलं, उजेडही थांबला. मग मी म्हणालो, उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर झरोका पाडू. तो पडणार मालुबाईच्या परसात. मालुबाई विधवा, घरात लग्नाच्या दोन पोरी, आणि जीभ अशी की कावळाही तिच्या कुडावर विचारून बसायचा.

"आमची न्हाणी हाय तितं," ती म्हणाली. "माझ्या पोरींनी आंगूळ कराय शहापूरला जायाचं?"

"न्हाय मावशी, बारीकच झरोका..."

"डोळा केवढा असतो रं? बारीकच की!"

मी झरोक्याचा कागद घडी करून खिशात घातला.

पुढं चार दिवस आप्पाचा माग बंद होता. पाचव्या दिवशी मी वखारीला निघालो तर मालुबाई दारात उभी. "शामू, हिकडं ये. त्या मागाचा आवाज न्हाय तर मला भाकरीचा ताल सापडंना झालाय. वर बघ."

तिच्या चुलीवर, छपरात, एक काचेचं कौल होतं. नवरा होता तेव्हा त्यानं हौसेनं बसवलेलं. त्यातून उजेडाची एक पट्टी परातीत पडली होती.

"त्ये काढ आन् आप्पाच्या पडवीवर बशीव. माझ्या जागी साधं कौल घाल. पर मला नवं आणून द्यायचं, काय?"

"आठ दिवसांत," मी म्हणालो. वखारीत मंगळूरहून माल यायचाच होता.

"आठ म्हंजी आठ."

रवळूनं कौल काढलं. मी म्हटलं, काच राखेनं लख्ख घासू. जयाबाई पहिल्यांदाच मधे पडली. "आतला धूर पुसा, पर वरनं पातळ चुन्याचा हात फिरवा. न्हाय तर पुन्यांदा ऊन सुतावर येईल." ती एवढंच बोलून पुन्हा कांडीकडं वळली. रवळूनं माझ्याकडं पाहिलं. मी कौलाकडं पाहिलं.

कौल बसलं. पडवीत दुधासारखा उजेड आला, मऊ, वरून, कुठंही सावली नाही. मी खड्ड्याशेजारी बसून खिशातलं वर्तमानपत्र काढलं; त्यातल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या. आप्पा बसला. चार वेळा धोटा गेला. काठाचा एक धागा तुटला. त्यानं शेजारच्या टोपलीतून तुकडा उचलला, वर कौलाकडं धरला, डोळे बारीक केले.

"हिरवाच की," तो म्हणाला.

तो काळा होता.

जयाबाईची कांडी थांबली. आप्पा धागा आणखी वर नेऊन बघू लागला. मग म्हणाला, "शामू, ढग आला का रं?"

मी वर बघितलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं होतं. "व्हय आप्पा," मी म्हणालो, "लई मोठा ढग आलाय."

त्यानं धागा खाली ठेवला. त्यानं मला मास्तर म्हटलं नाही, टोमणाही मारला नाही. पाय खड्ड्यातून काढले आणि भिंतीला धरून बाहेर गेला. इतके महिने मी, रवळू, जयाबाई, सगळे भिंतीशी भांडत होतो. आप्पालाही तेच बरं वाटत होतं. घराला अंधार असला तर त्यात झरोका पाडता येतो.

दोन दिवस तो उंबऱ्यावर बसून होता. शिमगा बारा दिवसांवर आला. मी जाता-येता चप्पल हातात घेऊन जायचो, आप्पाला चाहूल लागू नये म्हणून.

आमच्या आळीत बायका कांड्या भरायच्या, खळ लावायच्या, ताणा पसरायच्या. पण खड्ड्यात पाय सोडायच्या नाहीत. का नाहीत, ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा उंबऱ्यावर बसूनच आप्पा आत ओरडला, "कांड्या भरून कुनासाठी ठेवतीयास? टोपली भरली की!"

"मग काय करू?" आतून जयाबाई.

मग आप्पा म्हणाला, "पाय धुऊन घे."

ती पाय धुऊन आली, खड्ड्याला हात लावून नमस्कार केला, आणि काठावर बसली. पहिला धोटा निम्म्यात अडकला. दुसरा खाली पडला. आप्पा पाठमोराच होता. "डावा हात आवळतीयास. सोड. आता फणी मार. जोरात न्हाय गं, म्हशीला हाकतीयास का?"

"तुमास्नी दिसतंय काय तितनं?"

"ऐकाय येतंय."

असे नऊ दिवस गेले. ती बघायची, तो ऐकायचा. धागा तुटला की ती रंग बघून गाठायची. विणकाम सैल पडलं की तो आवाजावरून ओळखायचा आणि उसवायला लावायचा. दोघं दिवसभर भांडायची. संध्याकाळी पडवीतला उजेड गेला की आप्पा बोटांनी विणलेलं चाचपायचा आणि हात काढून घ्यायचा. ते बघणं मला जड जायचं, म्हणून वखारीतून येऊन टेकलो तरी मी अंधाराआधीच उठायचो.

लुगडं घेऊन आम्ही तिघं शहापूरला गेलो. आण्णाप्पांनी काठ पुरा उलगडला, दारातल्या उजेडात धरला, बोट फिरवलं. "हां! आता बसला बघ यल्लाप्पा तुझा हात."

जयाबाई खाली बघत होती. मी मनात म्हणालो, गप्प बस आप्पा, आज तरी गप्प बस.

"माझा न्हाय," आप्पा म्हणाला. "हिचा."

आण्णाप्पांनी बोट काठावरून उचललं. एकदा तिच्याकडं, एकदा लुगड्याकडं पाहिलं. पेढीवरचे दोघे-तिघे हसले. "बायकूच्या हाताचं? बरं. एका लुगड्याचं सूत न्या. पुढचं पुढं बघू."

पूर्वी तीन लुगड्यांचं मिळायचं. येताना आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. वडगावच्या वेशीशी आल्यावर एवढंच म्हणाला, "शामू, ढग काय त्यो गेला न्हाय रं."

"न्हाय आप्पा."

"ठावं हाय मला. तुला खोटं बोलाय बी नीट येत न्हाय."

आता आप्पा दारात बसून कांड्या भरतो. त्याला रंग दिसावा लागत नाही, बोटांना सूत कळलं की झालं. एका लुगड्याचं सूत येतं, कधी दोनांचं. पुढचं पुढं बघू हे काही अजून संपलेलं नाही. आप्पा दारात बसतो म्हणून दाराचा उजेड अडतो. पण पडवीत जयाबाईला वरनं उजेड आहे.

तो मालुबाईचा आहे. मंगळूरचा माल त्या महिन्यात आला, त्यात काचेचं कौल एकही नव्हतं. पुढच्या खेपेला आलं ते फुटकं. मग लढाई सुरू झाली आणि मालक म्हणाले, काचेचं नाव काढू नको. मालुबाई भाकरी थापते ती चाचपत, दार सताड उघडं टाकून, आणि त्या दारासमोरूनच माझी वखारीची वाट जाते.

"काय रं फायनल," आजही सकाळी तिनं आतल्या काळोखातून हाक मारली, "आठ दिवस झालं न्हाईत व्हय अजून?"

मी तसाच माघारी फिरलो आणि मागच्या गल्लीनं वखारीला गेलो.