टाळू भरली, असं मीच म्हणाले

तिळाचं तेल कोमट केल्याचा वास आला की मला नातीची टाळू आठवते. गुडीहत्नूरला आमच्या घरी बाळाला न्हाऊ घालायचं काम माझंच. टाळूच्या खळग्यात रोज तेल दाबून जिरवलं की ती भरत जाते, असं मी धरून चालले होते. चौथ्याच महिन्यात तेल खळग्यात थांबेना, कपाळावर ओघळू लागलं. टाळू वर आली होती. माझ्या हाताचा गुण म्हणून मी ती शेजारणींना दाखवली. सून म्हणाली, "आत्याबाई, पोरीचे डोळे सारखे खालीच उतरून राह्यले. काऊन असं?" मी म्हटलं, "चार लेकरं वाढवली मी. तू मले शिकवू नको." तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन ती आदिलाबादला गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला नागपूरला पाठवलं. डोक्यात पाणी साचलं होतं. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती. लहान मुलांच्या मेंदूचं ऑपरेशन करणारी डॉक्टरीण माझ्या धाकट्या लेकीहून लहान दिसत होती. तिनं डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी टाकली. तिसऱ्या दिवशी माझं बोट धरून टाळूवर ठेवलं. "पाहा आजी, खाली बसली. पुन्हा फुगली तर त्याच दिवशी या." मी विचारलं, "मेंदूत हात घालायचं भेव नाही वाटत तुमाले?" ती म्हणाली, "वाटतं ना. तुम्हाला टाळू दाबताना नव्हतं वाटत?" नात आता शाळेत फळ्यावरचं वाचते. सुनेचं खरं होतं, हे मी तिला अजून तोंडानं म्हटलेलं नाही.