चावणारा जोडा

परवा जोडा घ्यायला बीडच्या बाजारात गेलो आणि भर दुपारी भीतीनं थंडगार पडलो. जिल्ह्याचे मोठे अधिकारी, तालुकदारसाहेब, यांचा दौरा आमच्या नेकनूरला येतोय, आणि माझ्यासारख्या गावच्या पाटलानं फाटक्या पायताणात समोर उभं राहायचं म्हणजे शोभाच. म्हणून मेहुण्याला, बाबूला, बरोबर घेतलं होतं.

मोच्यानं पहिला जोडा पुढं सरकवला. घातला, जरा चाललो, "झकास बसला" म्हणालो. काढला तर बाबूचे डोळे मोठे झाले.

"दाजी, आत खिळा हाय की! डाव्या टाचंत घुसला. कळलं न्हाई व्हय तुमाला?"

खिळ्याचं टोक ठोकायचं राहून गेलं होतं... टाचेच्या कातडीला चांगलं भोक पडलं होतं. आणि मला काहीच कळलं नव्हतं.

"कळलं की," म्हणालो. साफ खोटं.

कारण आठवला आमच्या गल्लीतला भिवा. त्याचा पाय निखाऱ्यावर पडला आणि त्याला कळलंच नाही, महारोगाची सुरुवात तिथून झाली. आता तो ओढ्यापलीकडं खोपीत राहतो. बायको दगडावर भाकरी ठेवते आणि लांबूनच मागं फिरते...

माझी धाकटी लेक अजून माझ्याच ताटात जेवते. बापाला शिवू नको, हे तिला कोण सांगणार?

मोची काय बोलत होता ते ऐकूच येईना. शेवटी मी सगळ्यात लहान जोडा उचलला.

"मालक, ह्यो लई तंग होईल तुमाला."

"असू दे."

पाय कोंबले आणि दुकानासमोर फेऱ्या मारायला लागलो... काही नाही. पुन्हा फिरलो, तरी काही नाही. खंडोबाला मनातल्या मनात हात जोडले, देवा, दुखू दे रे. बाबू हसत होता आणि मी रडायच्या बेतात आलो होतो.

तेवढ्यात डाव्या करंगळीला चर्रकन झोंबलं.

"चावला! बाबू, चावला रे!" भर बाजारात ओरडलो. माणसं वळून बघायला लागली. पण मग टाचेचं काय? तिथंच खाली बसलो आणि बाबूला सगळं सांगून टाकलं.

त्यानं माझा पाय मांडीवर घेतला. "अवो दाजी, काटा रुतला तवा आक्कानं हितंच बिब्ब्याचा चटका दिलता न्हवं? जळून मेलेली कातडी ही, तिला काय कळतंय?" असं म्हणून त्यानं त्या काळ्या डागाच्या शेजारी कचकन चिमटा काढला. मी केवढ्यानं तरी ओरडलो.

बायकोनं दिलेला चटका भीतीत साफ विसरलो होतो.

मोच्यानं खिळा ठोकून मापाचा जोडा पुढं केला. मी तंगच घेतला. बाबू अजून गावभर माझी टर उडवतोय...

उडवू दे. मापाचा जोडा पुढच्या खेपेला बघू. आज दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्यात, लेक मांडीवर बसून त्यांच्यावर फुंकर घालतेय, आणि लई दुखतंय... देवाची कृपा.