दोष चंद्रभागाबाईंचा

बिबवेवाडीच्या चंद्रभागाबाईंना दोष दुसऱ्याला देता येत नसे, म्हणून तो त्या स्वतः घेत. दूध उतू गेलं, बस चुकली, सोसायटीच्या पाण्याची मोटर जळली, की त्यांच्या तोंडून आधी "माझंच चुकलं" निघे. मोटर कशाने जळली याची चौकशी त्यानंतर. पुण्यात हा गुण दुर्मीळ असल्यामुळे लोकांनी त्याचा भरपूर उपयोग करून घेतला. महापालिकेच्या शाळेत बाईंनी जन्मभर चौथीला शिकवलं. पोर नापास झालं की त्याच्या आईआधी बाईंच्याच डोळ्यांत पाणी.

त्यामुळे नातवाच्या दुखण्याचा मालक कोण, हा प्रश्न घरात फार वेळ उघडा राहिला नाही. त्यांच्या मुलीचा, म्हणजे मैत्रीचा, मुलगा प्रज्ञेश चालायला शिकताना पडला आणि त्याचा गुडघा नारळाएवढा सुजला. दवाखान्यात सांगितलं, हिमोफिलिया. रक्त लवकर गोठत नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतील, मुलगा नीट वाढेल. आणि हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो. बाईंनी शेवटचं तेवढं ऐकलं. मैत्रीकडून आला, म्हणजे मैत्रीला कोणी दिला?

पुरावाही त्यांनी लगेच काढला. येरवड्याचा धाकटा भाऊ कोंडीराम. लहानपणी उन्हाळ्यात त्याच्या नाकाचा घोळणा फुटायचा.

"ताई, घोळणा अख्ख्या येरवड्याचा फुटायचा," कोंडीराम म्हणाला. वय पासष्ट, अजून रिक्षा चालवतो. "मी आजवर ब्लेडने दाढी करतोय. वाहून गेलो का?"

"तरी एकदा रक्त तपासून ये."

तो गेला. रक्त व्यवस्थित गोठत होतं. बाईंचं समाधान झालं नाही. त्याच्यात नसेल, माझ्यात असेल.

"माझ्या बापाने छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली," रामदास म्हणाले. हे बाईंचे यजमान, स्वारगेटच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. "मागच्या पापपुण्याचं गाठोडं तिथंच टाकून आला. तू ते परत कुठून उचलून आणलंस?"

"अहो, हे पाप नव्हे. विज्ञान आहे."

"मग विज्ञानाला सांगू दे. तू कशाला सांगतेस?"

यात अडकली होती मैत्री. तिला दुसरं मूल हवं होतं. आणि बाई, ज्यांनी तिला आयुष्यात कशाला नाही म्हटलं नव्हतं, त्या रोज फोनवर म्हणत, "एकावर थांब गं. माझ्या रक्ताची खोट आहे, आणखी एका लेकराला कशाला?" अखेर मैत्रीने प्रज्ञेशची जनुकं तपासायला दिली, आपलंही रक्त दिलं. बाईंनी न विचारता दंड पुढे केला.

निकालाच्या दिवशी समोर डॉक्टर स्वराली होत्या, वयाने बाईंच्या विद्यार्थिनी शोभतील अशा.

"आपल्या जनुकांमध्ये काही तुकडे असतात," त्या म्हणाल्या, "ते स्वतःची नक्कल काढतात आणि ती भलतीकडेच नेऊन चिकटवतात."

"वर्गात असतो असा एक," बाई म्हणाल्या. "आपलाच निबंध दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवणारा."

"अगदी तसंच. रक्त गोठवणाऱ्या जनुकाच्या मधोमध असा एक तुकडा घुसलाय, त्यामुळे पुढचा मजकूर बिघडला. पण हा बदल फक्त प्रज्ञेशमध्ये आहे. मैत्रीच्या रक्तात नाही. तुमच्याही नाही."

हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखा बाईंचा चेहरा झाला. मग चाचरत म्हणाल्या, "पण तो तुकडा आला कुठून? आमच्यात असेलच ना?"

"सगळ्यांच्यात असतात, माझ्यातही. आपल्या जनुकसंचाचा जवळपास अर्धा भाग अशाच नकलांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. बहुतेक आता हलतसुद्धा नाहीत. काहींना शरीराने कामाला लावलंय. बाळाला पोटात पोसणारी वार असते ना, ती घडवणारं एक जनुक फार पूर्वी बाहेरून घुसलेल्या एका विषाणूचं आहे. ते नसतं तर मैत्री तुमच्या पोटात वाढली नसती."

"म्हणजे उपद्रवी, पण घरचेच."

"हो. आणि एखादा क्वचित चुकीच्या जागी जाऊन बसतो. त्यात कोणाचा दोष नसतो, बाई."

कोणाचाच नाही, ही शक्यता बाईंनी कधी विचारात घेतली नव्हती. मांडीवरचा प्रज्ञेश त्यांच्या चष्म्याची काडी ओढत होता. त्यांनी ओढू दिली. मैत्री घसा खाकरून काही विचारणार, तेवढ्यात बाईच पुढे सरकल्या.

"मग दुसऱ्याला हरकत नाही ना?"

"आई! हे मी विचारायचं होतं."

"तू विचारेपर्यंत संध्याकाळ होईल."

डॉक्टर हसल्या. धोका अगदी शून्य म्हणणार नाही, त्या म्हणाल्या. आईच्या काही बीजांडांत तोच बदल लपलेला असू शकतो. पण तो धोका फार थोडा, आणि गर्भाची तपासणी करता येते. मैत्रीने मान हलवली. बाईंनी तिचा हात धरला आणि डॉक्टरांना ती तपासणी कितव्या महिन्यात करतात ते विचारलं.