कंपनीचा कॅन्सर कॅम्प आणि आम्ही व्हेंडरच्या बाया

आमच्या ऑफिसातले किस्से म्हणजे पँट्रीच्या सिंकमधले कप. दहा घासून ठेवावेत, मागे वळावं, तर पंधरा येऊन पडलेले! अंधेरी एमआयडीसीतलं काचेचं ऑफिस. अकरा वर्षं झाली, तिथे झाडलोट आणि चहापाणी करते. चौथी शिकले, पण ऐकायला शाळा लागत नाही. यंदा कंपनीने ठरवलं की स्टाफला कॅन्सरपासून वाचवायचं. मग काय, नुसता ढीग लागला. त्यातले हे थोडे.

*

सुरुवात सिगरेटपासून. एचआरच्या पूर्वा मॅडमने जाहीर केलं, "जो सिगरेट सोडेल त्याला दोन दिवस जादा सुट्टी!" पोरगी मनाने साफ आहे, पण पंचविशीची. तिला माणसं कुठे माहीत!

दुसऱ्या दिवशी दूध आणायला खाली गेले, तर टपरीपाशी अकाउंट्सचे कामत सर. हातात सिगरेट, डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून लाल झालेले. हा माणूस म्हणजे चहात साखर जास्त पडली तरी घाबरणारा!

"सर, तुम्ही कधीपासून?"

"आज सकाळपासून," ते म्हणाले. "सोडायची तर आधी धरायला नको का, मंगलताई!"

आमच्या मजल्यावर ओढणारे पाच होते. सोडणारे एकवीस निघाले.

*

मग एका डॉक्टरांचं भाषण ठेवलं. साहेबलोक खुर्च्यांवर, मी आणि शारदा मागे ट्रे धरून उभ्या. शारदा मानखुर्दची, माझ्याबरोबरच कामाला लागलेली. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू कोण कोण घेतं?"

एक हात वर नाही. आमचेही नाहीत. आणि दोघी सकाळी मिशेरी लावून आलेल्या! भाजलेल्या तंबाखूची पूड ती, पण तिला तंबाखू कोण म्हणतं? आई लावायची, आजी लावायची. पडद्यावर सिगरेट दाखवली, गुटख्याची पुडी दाखवली. मिशेरीचा डबा कुठे होता?

पँट्रीत आल्यावर मी म्हटलं, "शारदे, मिशेरी म्हणजे तंबाखूच ना गं?"

"गप गं! ती दातांना असते!"

असं म्हणाली आणि भाकरी दुधात बुडवून खायला लागली. दोन महिने बाई तिखटाला शिवली नव्हती. गालाच्या आत पांढरा डाग, काही लागलं की आग आग. दाखव म्हटलं की म्हणायची, "दाढ घासते." खरं कारण वेगळंच. दवाखान्यासाठी खाडा केला की कॉन्ट्रॅक्टर बदली बाई लावतो, आणि आलेली बदली परत जात नाही. शारदाला नवरा नाही, दोन मुली शिकतायत. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, हिचं तोंड कुणीतरी शहाण्या माणसाने बघायला पाहिजे.

*

तेवढ्यात कॅम्पची नोटीस लागली. डॉक्टर ऑफिसातच येणार, सगळ्यांची तोंडं तपासणार. मी थेट पूर्वा मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, शारदाचं आणि माझं नाव घाला."

"ताई, हा बेनिफिट एम्प्लॉयींना आहे ना. तुम्ही व्हेंडरच्या. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरशी बोला."

कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "कॅन्सर? माझ्या करारात फक्त झाडू-पोछा आहे, मंगल!"

परत टेबलापाशी. "मॅडम, बाथरूम कंपनीचं, ब्रश कंपनीचा, फिनेल कंपनीचं. घासणारे हात तेवढे व्हेंडरचे?"

बिचारीचा चेहरा पडला. म्हणाली, "मी वर ईमेल टाकते."

ईमेल वर गेला. अजून तरी खाली आलेला नाही.

*

कॅम्पच्या दिवशी टेबलं आम्ही लावली, चादरी आम्ही घातल्या. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवून बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले, एक माणूस येईल तर शपथ! सगळे म्हणे कॉलवर. एक मॅडम दारापर्यंत येऊन परत फिरली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणते, "काही निघालं तर गं? पुढच्या महिन्यात प्रमोशन आहे माझं!"

जणू कॅन्सर प्रमोशन होईपर्यंत बाहेर सोफ्यावर बसून राहणार होता!

कामत सरांनी दारातून फक्त डोकं आत घातलं. "डॉक्टर, तोंड उघडून सेल्फी पाठवला तर चालेल का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल. मी औषधाचा फोटो पाठवते."

*

दुपारी पूर्वा मॅडमला हेड ऑफिसचा फोन आला. फोटो कुठे आहेत? मॅडम घामाघूम. खुर्ची रिकामी, फोटो कसला काढणार? पळत पँट्रीत आली, आमच्या अंगावर कंपनीचे टी-शर्ट टाकले. "ताई, प्लीज! नुसतं बसायचं आणि तोंड उघडायचं. फोटोपुरतं!"

मी शारदाला ढकललं. "जा, आधी तू."

शारदा बसली, आ केला. फोटोवाला म्हणतो, "मावशी, थोडं हसा ना!" आता आ करून हसायचं कसं, ते त्याने आधी करून दाखवावं! त्याचं खटाखट चाललेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सवयीने टॉर्च आत मारला. मारला तो मारलाच. हलेचनात.

"ओ फोटोवाले, बाजूला व्हा. उजेड अडवताय."

मग शारदाला विचारलं, "मिशेरी लावता?"

"दातांना," शारदा म्हणाली. आवाज एवढुसा झालेला.

बाईंनी माझंही तोंड बघितलं. माझं साफ होतं. मिशेरीची डबी मी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली, शारदाचीही कमरेची काढून टाकली. बाईंनी तिला चिठ्ठी लिहून दिली, डागाचा तुकडा काढून तपासायचा, याच आठवड्यात, उशीर नको.

चिठ्ठी पूर्वा मॅडमला दाखवली. ती म्हणाली, "मी पुन्हा ईमेल टाकते." कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "टी-शर्ट कोणाचा घातला होता? त्यांनाच विचार."

म्युन्सिपालिटीच्या दवाखान्यात पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. शारदा म्हणाली, "राहू दे गं मंगल, दोन महिने कळ काढली, आणखी एक." मला असा राग आला! "डॉक्टरीण उशीर नको म्हणाली, आणि तू कळ काढणार? मुलींना काय सांगू मी?"

*

तिसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमधून बाहेर पडलो तर समोर शारदा! चार फुटांचं पोस्टर, रिसेप्शनच्या मागे. नुसता आ. टाळू, दाढा, खालचा पडलेला दात, सगळं दिसतंय. वर कंपनीचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत, 'आमची माणसं, आमची जबाबदारी.'

मी दोनदा वाचलं. मग खुर्चीवर चढले, पोस्टर उतरवलं आणि गुंडाळी केली.

सिक्युरिटीवाला ओरडला, "मावशी, काय करताय?"

"पुसायला नेते!"

शारदाचा हात धरला आणि रिक्षाने सरळ त्या हॉस्पिटलात, जिथे आमच्या कंपनीच्या लोकांनी नुसतं कार्ड दाखवलं की सगळ्या तपासण्या होतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एम्प्लॉयी कार्ड?"

मी पोस्टर काउंटरवर पसरलं. दोन पेन आणि एक स्टेपलर खाली पडला.

"हे काय?"

"कार्ड. जरा मोठं आहे. वर कंपनीचं नाव, मधे बाईचा फोटो, खाली काय लिहिलंय ते वाचा."

तिने वाचलं. मग म्हणाली, "अहो मावशी, पण यात चेहरा कुठे आहे? नुसतं तोंडच तोंड!"

"मग तोंड जुळवा. शारदे, आ कर गं!"

शारदाने आ केला. मुलगी एकदा पोस्टरकडे बघते, एकदा शारदाकडे. मागच्या रांगेतले एक आजोबा चष्मा लावून पुढे वाकले. "जुळतंय, जुळतंय! तो खालचा दात बघा ना, इथेही नाही, तिथेही नाही!"

मुलीने कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "मॅडम, तुमच्या पोस्टरवरची बाई आलीय. कार्ड नाहीये. ही तुमची आहे, की पोस्टर उगाच लावलंय?"

पलीकडून पूर्वा मॅडमचा आवाज, "एक मिनिट हं, मी वर विचारून..."

"मॅडम," मी फोनमध्ये ओरडले, "वर विचारू नका, इथे तोंड उघडं आहे!"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आमची आहे," पूर्वा मॅडम म्हणाली. "फाईल काढा. मी निघालेच."

मुलीने फॉर्म पुढे ओढला. मी शारदाकडे वळले.

"मिट आता."