वाकड्या डोळ्याचा कमांडो

गेल्या रविवारी सिन्नरला गेले होते... एक जुनं खेळणं आणायला. हसू नका. पंचेचाळिशीच्या बाईला हा छंद लागावा, हे ऑफिसमध्ये अजून कुणाला पटलेलं नाही.

भाच्याच्या वाढदिवसासाठी ऑनलाइन काहीतरी शोधत होते, तेव्हा जुन्या ॲक्शन फिगर्सचा एक ग्रुप सापडला. हात-पाय वळणारे, तळहाताएवढे सैनिक... आणि त्यांच्यासाठी मोठी मोठी माणसं हमरीतुमरीवर आलेली! मी आपली गंमत म्हणून जॉइन झाले.

जुनी मंडळी नवख्यांना सांगत असतात. एकाच सिरीजपासून सुरुवात करा, रंग घासून साफ करू नका, आणि पॅक पीस मिळाला तर काही झालं तरी उघडू नका... उघडला की त्याची किंमत संपली.

एक दिवस कुणीतरी एका कमांडोच्या पॅकच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'नाशिक'. मी बघतच राहिले... हा तर आमच्या घरी यायचा!

मी शाळेत असताना नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून आमच्या सिडकोतल्या घरी थर्माकोलचे ट्रे यायचे. त्यात हे कमांडो रांगेत खोचलेले असायचे, बिनडोळ्यांचे. बाबांचं काम सुटलं होतं, आणि आई घरी बसून त्यांचे डोळे रंगवायची. 'आई काय करते?' असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, 'डोळे काढते', आणि वर्ग हसायचा.

ब्रश टेकवताना आई श्वास धरायची. तेवढा वेळ घरात कुणी चालायचं नाही, बोलायचं नाही. एखादा डोळा वाकडा आला की तो पीस परत यायचा. आई तो थिनरने पुसून पुन्हा रंगवायची... तो वास अजून माझ्या नाकात आहे.

तर असा एक कमांडो मला हवाच होता. सिन्नरला एक स्टेशनरीचं दुकान बंद होतंय असं कळलं, आणि तिथल्या माळ्यावर एक पॅक पीस निघाला. दुकानदारकाकांनी तो शर्टाच्या बाहीने पुसून दिला. "घेऊन जा ताई. आता पोरं दुकानात येतात कुठं?"

परतीच्या बसमध्ये नीट पाहिलं तर त्याचा डावा डोळा पार भुवईला चिकटलेला. माझा आनंद गगनात मावेना! असल्या चुकीच्या पीसला कलेक्टर लोकांत फार मागणी असते. फोटो टाकला, आणि नाशिकरोड यायच्या आत इनबॉक्स भरला.

घरी आले ती थेट आईच्या खोलीत. गेल्या काही वर्षांत तिची नजर फार गेली आहे. समोर माणूस आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. डॉक्टर शुगर म्हणतात... आई काहीच म्हणत नाही.

"आई, ओळख बघू."

तिने वरच्या फुगीर प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "काय गं, गोळ्या आहेत?"

"कमांडो! तू रंगवायचीस तो."

मला वाटलं होतं, हसेल. पण ती म्हणाली, "डोळे सरळ आलेत?"

हो म्हणायला हवं होतं... पण मी माझ्याच तंद्रीत. "डावा जरा वर गेलाय."

"मग हा दुकानात कसा गेला? परत यायला हवा होता." पुन्हा बोट फिरवत म्हणाली, "माझाच असेल."

"आई, गल्लीतल्या किती बायका हे काम करायच्या. तुझाच कशावरून?"

"शेवटी शेवटी माझेच फार परत यायचे. संध्याकाळी मला दिसायचंच नाही गं. अंदाजाने टेकवायचे."

हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी घाईघाईने सांगायला लागले, की आई, असा वाकडाच लोकांना जास्त हवा असतो, खरंच, कितीजण विचारतायत बघ. आणि मोबाईल तिच्यापुढे धरला... तसाच खाली घेतला.

"माझी समजूत नको काढू," ती म्हणाली. "उघडून दे जरा."

मी कात्री आणली. पिवळं पडलेलं प्लास्टिक हात लावताच तडकलं. आईने कमांडो मुठीत धरला, त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "एवढासाच होता? मला मोठा आठवतोय."

मग तो पलंगावर ठेवून, भिंतीला धरत बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ साबणाने हात धूत राहिली. वास तर कसलाच नव्हता... मी हुंगून पाहिलं.

पॅक उघडला म्हटल्यावर ग्रुपवर लोक भयंकर चिडले. एकाने लिहिलं, तुमच्यासारख्यांनी या छंदात पडूच नये. असेलही. मी ग्रुप सोडला.

काल आईला जेवण वाढताना विचारलं, "दिसत नव्हतं, तर बाबांना तरी का नाही सांगितलंस?"

ती ताटातली भाजी चाचपत होती. "काम बंद केलं असतं त्यांनी. तुझी दहावी होती ना."

मग तिने मीठ मागितलं.

आईला थँक्यू म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे म्हणतेय. हे तिला वाचून दाखवायचं आहे... अजून धीर होत नाही.