हॉर्नचं तेल, दोन नंबरचं

“हॉर्नचं तेल संपलंय आणि तू हात हलवत उभा?” मी ओरडत होतो. सकाळचे सव्वानऊ, लखनौ छावणीतलं आमचं वर्कशॉप. माझ्या ओरडण्याने छावणीबाहेरच्या तेलीबागेतल्या म्हशी आटतात, असं मीच सांगत फिरायचो. मी हवालदार मेकॅनिक, साताऱ्याचा. समोर नवा ड्रायव्हर रामसेवक, इथलाच, जानकीपुरमचा.

नव्या माणसाला नसलेला पार्ट आणायला धाडायचं, हा आमचा रिवाज. एक गडी सायलेन्सरचं बेअरिंग मागत तीन युनिटं फिरून आला होता. रामसेवक दोन तासांनी परतला. सॅल्यूट ठोकून बाटली पुढे केली.

“हॉर्न का तेल, उस्ताद. दो नंबर का है. एक नंबर सिर्फ़ कर्नल साहब की गाड़ी में जाता है.”

आत लंगरमधलं, म्हणजे आमच्या भटारखान्यातलं, मोहरीचं तेल होतं. त्या दिवसापासून आमची जोडी.

पुढे युनिट पहाडात गेलं. कॉन्व्हॉयमध्ये मी पहिल्या गाडीत, तो सगळ्यात शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. अकरा वाजून वीस मिनिटं, उतार. वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

“उस्ताद, ब्रेक का तेल गया. ओव्हर.”

मी बटण दाबलं. हॉर्नचं चालेल का, एक नंबर की दोन नंबर, अर्ज तीन प्रतींत कर, स्टोअरकीपर हजामतीला गेलाय. माझ्या गाडीतले हसत होते, मी रंगलो. आमच्या सेटवर एकाने बटण दाबून ठेवलं की दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. चांगलं अर्धं मिनिट मी ते सोडलं नाही. सोडलं तेव्हा नुसती खरखर.

त्याच्या पुढच्या ट्रकमध्ये अकरा जवान होते. ट्रक बाजूला घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. रामसेवकने आपली गाडी दरीत घातली. ट्रकला ओरखडाही नाही.

आता पेन्शनवर तेलीबागेत एकटाच राहतो. रविवारी जुन्या जीपवाल्यांची टोळी जमते. ते नसलेले नवनवे पार्ट काढतात, आरशाचा फिल्टर, डिकीचा गिअर. मग मला विचारतात, हवालदार साहब, आपके ज़माने में क्या मिलता था? मी फुगवून सांगतो. बाटलीपर्यंत आलो की थांबतो. खोलीवर परतल्यावर ऐकायला कुणी नसतं.

बाटली इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होती. गेल्या महिन्यात ती घेऊन जानकीपुरमला त्याच्या बायकोकडे गेलो. बटणाचं सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा, न फुगवता. तिने बाटली उजेडात धरून पाहिली.

“हाँ,” ती म्हणाली. “घर पे बताते थे. उस्ताद दूसरे को बोलने नहीं देते.”